हलका पाय

माणसाचे मोठेपण तो किती वेगाने धावतो यावर नाही, तर तो वेळेवर कसा थांबतो यावर ठरते, असे सदानंद पाटणकरचे ठाम मत होते. हे मत त्याने आयुष्याकडे पाहून बनवले नव्हते. ब्रेक पॅडकडे पाहून बनवले होते.

दुबईच्या अल मनखूल भागातल्या त्याच्या इमारतीत गाडीचा विषय निघाला की मराठी मंडळी सदानंदकडे बघत. ब्रेक दाबल्यावर बारीक चूं-चूं आली, तर पॅड संपत आलेत, गॅरेज गाठा. खरखर आली, तर पॅड खलास, लोखंडावर लोखंड घासतेय, देवाचे नाव घ्या. हे तो लग्नात सांगे, बारशात सांगे, एकदा तर शोकसभेतही सांगून झाले होते.

असा हा सुखी माणूस गणपतीच्या आरतीनंतर मोदक खाता खाता दुःखी झाला. शेजारचा सतीश सहज बोलून गेला, "ब्रेक पॅड? मी नाही बुवा कधी बदलले."

"कधीच नाही?"

"आठवत तरी नाही."

दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच रमझानच्या ऑफरमध्ये घेतलेल्या, दोन्ही पांढऱ्या. दोघे रोज अबुधाबीला जाऊन येत, तेही आपापल्या गाडीने, कारण एकत्र जाण्याचा प्रयोग एसी किती ठेवायचा यावरून फसला होता. आणि सदानंदचे पॅड दोनदा बदलून झाले होते.

"सतीशभावोजींचा पायच हलका," सदानंदची बायको सुहासिनी कौतुकाने म्हणाली. "नाहीतर आमचे हे. ब्रेक दाबतात की झुरळ मारतात, कळत नाही."

सगळे हसले. सतीशही हसला, आणि तोही विनयाने, ते जास्त लागले. सतीशचे प्रमोशन सदानंदने पचवले होते. सतीशच्या देवांशला कॅनडात मिळालेला प्रवेशही त्याने पेढ्यासकट गिळला होता. पण ब्रेक पॅड हे त्याचे स्वतःचे क्षेत्र होते. तिथे तरी सतीशने येऊ नये.

त्याने ठरवले, सतीश पॅड बदलेपर्यंत आपण बदलायचे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो झोपलेल्या बाळाच्या अंगावर हात ठेवावा तसा ब्रेकवर पाय ठेवू लागला. सिग्नल दिसायच्या आधीच गाडी मंदावे. मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवत, सतीश बाजूने हात हलवत पुढे जाई.

रोज लिफ्टमध्ये चौकशी होई. "काय सतीश, ब्रेक काय म्हणतात?"

"मस्त!"

सदानंदचा दिवस तिथेच संपे.

मग चूं-चूं सुरू झाली. मागच्या सीटवरून ईश्वरीने विचारले, "बाबा, व्हॉट इज दॅट नॉइज?"

"एसी."

"एसी इज ऑफ."

"म्हणूनच."

काही आठवड्यांनी खरखर आली. सुहासिनी म्हणाली, "अहो, देवाचे नाव घ्यायची वेळ हीच ना? तुम्हीच तर सांगत असता."

"वाळू अडकली असेल. निघेल, इन्शाल्ला."

दुबईत कशाचाही दोष वाळूवर ढकलता येतो. पण सुहासिनीने तो ढकलू दिला नाही. "पॅड बदलल्याशिवाय मी आणि पोर या गाडीत बसणार नाही," असे सांगून ती मोकळी झाली, आणि बाजाराला सतीशच्या गाडीतून जाऊ लागली. आल्यावर रोज एकच वाक्य. "काय अलगद थांबते हो त्यांची गाडी!"

यानंतर पॅड बदलणे म्हणजे शरणागतीच होती.

त्या संध्याकाळी सदानंद बेसमेंटच्या उतारावरून खाली आला. समोर सतीशची गाडी, नुकतीच धुतलेली. कुंदा, म्हणजे सतीशची बायको, आणि सुहासिनी डिकीतून पिशव्या काढत होत्या. बायकोच्या देखत आपणही अलगद थांबून दाखवू म्हणून सदानंदने शेवटच्या क्षणी, अगदी हलका पाय ठेवला. खरखर झाली. थांबणे झाले नाही. मग त्याने झुरळ मारले, पण झुरळ केव्हाच मेले होते. आवाज ऐकून दोघी आधीच बाजूला झाल्या होत्या, म्हणून फक्त सतीशची डिकी आत गेली आणि मसुराची पिशवी फुटली.

इथे पोलिसांच्या कागदाशिवाय कुठलेही गॅरेज पोचा काढत नाही. पोलीस आला, सभ्यपणे बोलला. चूक ज्याची त्याला लाल कागद, नाही त्याला हिरवा. हिरवा सतीशच्या गाडीला मिळाला. सदानंदने त्या हिरव्या कागदाकडेही आशाळभूतपणे पाहिले.

"पॅड वेळेवर नाही का बदलायचे, भावोजी?" मसूर गोळा करत कुंदा म्हणाली.

सदानंद उसळला. "तुमच्या नवऱ्याने कुठे बदललेत?"

"त्यांना काय माहीत? गाडी सर्व्हिसला मी नेते. तीनदा बदललेत."