मालकीण हो म्हणेपर्यंत

मी पाटा बोलतोय, तीन पायांचा. निकानोरा आजीला मी तिच्या आईकडून मिळालो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका तिनं माझ्यावर इतका वाटला की माझी पाठ मधोमध खोल गेली.

पुढे गावात गिरणी आली. मी अंगणात पडलो, कोंबड्या माझ्यातलं पाणी प्यायच्या. माणसांना जुन्याचा कंटाळा फार लवकर येतो.

मला पुन्हा चुलीपाशी आणलं ते आजीच्या नातीनं, डेसीनं. ती समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरी करते आणि तिथले प्रवासी आमच्या माया लोकांच्या गावात आणते. ते गुडघे टेकून मका वाटू पाहत, वरवंटा बोटावर आपटून घेत आणि आजी पदराआड तोंड लपवून हसायची. त्या परक्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी कौतुक केलं, तेव्हा घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पण कौतुक अंगाशीही येतं. हॉटेलच्या साहेबाला मी दारात शोभेला हवा झालो. डेसी आजीला न विचारताच हो म्हणून बसली.

न्यायला ट्रक आला तो नेमका डेसीच्या लेकीच्या विधीच्या दिवशी. आमच्यात बाळाला पहिल्यांदा कडेवर घेण्याचा मोठा विधी असतो. चुलीचे दगड तीन, म्हणून मुलीला तिसऱ्या महिन्यात घेतात. जी वस्तू तेव्हा तिच्या हाती देतात, ती तिची जन्माची सोबत. आजीनं सकाळीच भोपळ्याच्या बिया माझ्यावर वाटल्या. मग माझी पाठ पुसत म्हणाली, "जा बाबा. पोरीची नोकरी टिकू दे." मला रडू येत नाही, पण त्या दिवशी यायला हवं होतं.

एउसेबिओ ड्रायव्हरनं मला ट्रकमध्ये चढवलं. घरात बाळाची मानलेली आई हेर्कुलाना तिला कडेवर घेऊन टेबलाभोवती फिरत होती. सुई दिली, चमचा दिला, बियांची पूड जिभेला लावली.

"अगं, पाटा कुठाय?" तिनं विचारलं.

आजीनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. हेर्कुलाना बाळासकट बाहेर आली आणि ट्रकलाच फेऱ्या घालू लागली! मागे सगळं घर. मग तिनं तो चिमुकला तळवा माझ्या पाठीवर दाबला. "घे गं बाय, हा तुझा. यावर वाट, चार जणांना खाऊ घाल."

एउसेबिओनं टोपी काढली.

"चला, निघा आता," डेसी खाली बघत म्हणाली. "उशीर होतोय."

"नेऊ कसा, ताई? आत्ताच हिच्या हाती दिलात ना? मालकिणीला विचारा."

सगळे बाळाकडे बघायला लागले. मालकीण मूठ चोखत होती. डेसीला आधी हसू फुटलं, मग रडूच कोसळलं.

"उतरवा," ती म्हणाली. "पण साहेबांना काय सांगू?"

"सांगा, मालकीण हो म्हणेपर्यंत थांबा," एउसेबिओ म्हणाला.

साहेब चिडला, पण प्रवासी येतच राहिले. डेसीची नोकरी टिकली. आता ती स्वतः माझ्यापुढे बसते. तिचं वाटण जाडंभरडं, भाकऱ्या फाटक्या, तरी पाहुणे मिटक्या मारत खातात.

चिमुरडे, उद्या तुला बोलता येईल. तेव्हा साहेबाला हो म्हणालीस तरी माझी तक्रार नाही. न बोलता तू मला घरी ठेवलंस, तेवढं मला पुष्कळ झालं.