लखनचं टेस्ट कार्ड

लखनच्या हाताला गुण आहे, असं हर्षदाने अख्ख्या लिंबायत वस्तीभर सांगून ठेवलं होतं. सांगणारच! शहाण्णव सालची गोष्ट. गल्लीतले सगळे जावई कापडाच्या लूमवर कामाला, आणि हिचा साखरपुडा झालेला कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याशी. शेजारच्या प्रमिलाबाईंचा कम्प्युटर बंद पडला तेव्हा तीच त्याला घेऊन गेली. नवऱ्यामागे बाई त्या एका डबड्यावर टायपिंगचा क्लास चालवत होत्या. पोटच त्याच्यावर होतं.

लखनने झाकण उघडून आत टेस्ट कार्ड बसवलं. मशीन सुरू केलं की या कार्डावर लाल आकडे पळतात; जिथे अडतात, तिथे बिघाड. इथे आकडे पळालेच नाहीत. नुसतं ‘एफएफ’ दिसत राहिलं.

“मावशी, मदरबोर्ड मेला,” लखन म्हणाला. “दुसरा बघावा लागेल.” आणि मेलेला बोर्ड काढून पिशवीत घातला.

प्रमिलाबाईंनी हर्षदाकडे बघितलं. “तू आणलंस त्याला, म्हणजे खरंच असेल.”

रविवारी तो जेवायला आला. हर्षदाच्या आईने मांडे केले होते, तूप सढळ हाताने वाढत होती. बाहेरच्या खोलीत हर्षदा तिच्या कम्प्युटरवर कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवत होती. तिला हौस आली. आपणही शिकावं, म्हणून तिने त्याच्या पिशवीतलं कार्ड काढलं, मशीन बंद करून आत बसवलं आणि परत सुरू केलं.

मशीन झकास चालू झालं. पडद्यावर पत्रिका आली, वरचा गणपतीसुद्धा आला. आणि कार्डावर ‘एफएफ’.

तिने कार्ड उपसून उजेडात धरलं. खालच्या सोनेरी दातांपैकी आकडे पेटण्यापुरते दात मोकळे, बाकी सगळ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी. धडधाकट मशीनही हे मेलेलंच ठरवणार! पिशवीच्या तळाशी प्रमिलाबाईंचा बोर्ड होता, स्वच्छ पुसलेला.

तेवढ्यात लखन ओठावरचं तूप पुसत बाहेर आला. मेल्याला लाज वाटायला हवी होती, तर हा हसला.

“अगं, तुझ्याच मशीनला बसवायला आणलाय तो, तुझ्यापेक्षा नवा आहे. मावशींच्या मशीनची नुसती रॅम सैल झाली होती. धंद्यात सगळेच करतात. आणि तू सोबत असलीस की गिऱ्हाईक डोळे मिटून देतं.”

हर्षदाने बोर्ड पिशवीतून बाहेर काढला. याच्या गळाला लावलेला गांडूळ आपणच होतो, आणि वर मिरवत होतो. शी!

आई दारात आली. “काय व्हयनं?” तिने विचारलं आणि ऐकून घेतल्यावर आवाज खाली आणला. “जाऊ दे. लग्न मोडलेल्या पोरीला कोण करतं?”

हर्षदाने आईकडेही किळसून पाहिलं. बोटातली अंगठी काढून पिशवीत टाकली, पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि बोर्ड घेऊन ती शेजारी गेली.

“मावशी, हा मेला नव्हता. त्याने चोरला होता. मी लग्न मोडलंय.”

प्रमिलाबाईंनी बोर्ड हातात घेतला.

“मी बसवून देऊ?” हर्षदाने विचारलं.

“नको,” त्यांनी बोर्ड पदराखाली घेतला. “तू हात लावू नकोस.”