बिनआवाजाच्या टाळ्या

तेवीस जणांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. चोविसाव्या बाईने वाजवल्या नाहीत.

नायिकेच्या बरोबर मागच्या टेबलाशी, तपकिरी कोटात, ब्यन ह्वासुक कीबोर्डवर हात ठेवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसली होती. आजूबाजूचं सगळं ऑफिस उठून उभं होतं. तळहात एकमेकांजवळ यायचे आणि बोटभर अंतरावर थांबायचे. नायिका बोलत असताना गर्दीने आवाज करायचा नसतो. टाळ्यांचा कडकडाट नंतर भरतात. पाजू शहरातल्या त्या स्टुडिओत क्षणभर असं दिसत होतं, की तेवीस माणसं एकदम हात वाळवतायत.

“कट!” दिग्दर्शक म्हणाला. मग कॅमेऱ्यामागून दुसरा आवाज आला, “सर, तपकिरी कोट बसलाय.”

हाम मुकादम धावतच आला. ज्युनियर आर्टिस्ट पुरवण्याचं काम त्याचं. पहाटे बसमध्ये माणसं मोजून भरायची आणि संध्याकाळी मोजून उतरवायची. एवढ्या वर्षांत त्याला कुणी सावकाश चालताना पाहिलेलं नव्हतं.

“मावशी, डोळा लागला का?”

“जागी आहे.”

“मग उठायचं होतं. सगळे उठले.”

“दिसलं मला.”

मुकादमाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. अकरा वर्षांत या बाईने कधी डबा उशिरा आला म्हणूनसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. गुडघे दुखत असतील, असं त्याने ठरवलं आणि मागे वळून ओरडला, “सर, झालं! पुन्हा घेऊ या!”

पुन्हा घेतलं. तेवीस जण उठले. ह्वासुक बसलेलीच.

या वेळी दिग्दर्शकाने “कट”सुद्धा म्हटलं नाही. त्याने हातातली पानं मांडीवर आपटली.

मालिकेचा हा सोळावा भाग, शेवटचा. पंधरा भाग दाजंग, म्हणजे मालिकेची नायिका, याच मजल्यावर झगडली होती. कॉफी आणायला सांगणाऱ्या साहेबाला तिने मशीन कुठे आहे ते दाखवलं होतं. तिचं काम स्वतःच्या नावावर खपवणाऱ्याला भर मीटिंगमध्ये उघडं पाडलं होतं. नवव्या भागात बढती मिळवली होती. मधे मधे मालकाच्या मुलाच्या प्रेमातही पडली होती, कारण त्याशिवाय मालिका कशी चालणार? पण दुपारी बाराला जी पानं आली, शाई ओली असावी इतकी ताजी, त्यांत लिहिलं होतं: लग्न ठरलेली दाजंग हसत राजीनाम्याचं पांढरं पाकीट दाखवते. सगळे आनंदाने टाळ्या वाजवतात. ती पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवते.

रात्री दहाला हे घराघरांत दिसायचं होतं. आता चार वाजत आले होते.

“मावशी.” मुकादम आता तिच्या टेबलाजवळ उकिडवा बसला होता, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “सरांना मी सांगितलंय, तुमचा खांदा धरलाय. पण धरलेल्या खांद्यानेही माणूस उभं राहू शकतं हो. तुम्ही उठा आणि नुसते हात हलवा. आवाजसुद्धा करायचा नाही. नसलेली टाळी वाजवायला काय जातं तुमचं?”

“आवाज नसला तरी दिसतं ना.”

“कुणाला दिसतंय? लोक हिरोइनला बघणार की तुम्हाला?”

“मग बसू दे मला. कुणाला दिसणार आहे?”

“टाळ्या न वाजवायला झालं काय पण?”

“टाळ्या वाजवायला काय झालंय, ते सांग,” ह्वासुक म्हणाली. “पोरगी नोकरी सोडतेय. कुणी आजारी नाही, कुणी काढलेलं नाही. लग्न करते म्हणून सोडतेय. पंधरा भाग जीव टाकला तिने या खुर्चीसाठी. मी मागेच बसलेय, मला माहिती आहे.”

“अहो, मालिका आहे ती!”

“मालिका आहे, तर एक बाई बसलेली राहिली म्हणून काय आभाळ कोसळतंय?”

कोसळत नव्हतं, पण अडलं होतं खरं. सीनचा पहिला अर्धा भाग सकाळीच शूट होऊन एडिटिंगला गेला होता. त्यात ह्वासुक दाजंगच्या हातात फाइल देऊन आपल्या जागी बसत होती. आता ती जागा मोकळी दिसली असती, तर उद्या सकाळपर्यंत हजार लोकांनी इंटरनेटवर विचारलं असतं की मागची बाई गेली कुठे. हल्ली प्रेक्षकांना दुसरं काम नसतं. मुकादमाने मग उंचीला सारखी अशी एक बाई हेरली आणि तपकिरी कोट मागितला.

“कोट माझा आहे,” ह्वासुक म्हणाली.

तोही नियमच. गर्दीतल्यांनी कपडे स्वतःचे आणायचे.

“एक तासासाठी द्या हो.”

“मी माझे कपडे कुणाला देत नाही. अंगाला खाज येते.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुकादम उठला. या वेळी तो हळू बोलला नाही. “मावशी, मी तुम्हाला उद्यापासून फोन करणार नाही. मीच काय, दुसराही कुणी करणार नाही. या धंद्यात आम्ही सहाच मुकादम आहोत आणि सहाही जण एकाच ठिकाणी जेवतो. विचार करा.”

ह्वासुकने विचार केला. तिला या वयात दुसरं कोण कामावर घेणार होतं? तिने कीबोर्डवरची न दिसणारी धूळ बोटाने पुसली आणि पुन्हा हात तिथेच ठेवले.

दिग्दर्शकाने दहा मिनिटांची सुट्टी दिली आणि चॅनेलला फोन लावायला बाहेर गेला. मेकअपवाली मुलगी पावडरचा डबा घेऊन नायिकेच्या खुर्चीपाशी आली. नायिकेचं काम करणारी चा युन्सुल पाठ ह्वासुककडे करून बसली होती. जवळ, इतकी जवळ की तिच्या केसांतल्या पिना मोजता आल्या असत्या. पण गर्दीने नायिकेशी बोलायचं नसतं आणि नायिकेला गर्दी दिसत नसते. सोळा भाग दोघींनी हे नीट पाळलं होतं.

“ह्वासुक,” शेजारून मेंगसाहेब म्हणाले.

त्यांना सगळे साहेबच म्हणत. पासष्टीचे, पांढऱ्या केसांचे, सूट अंगावर असा बसायचा की प्रत्येक मालिकेत त्यांना मागच्या मोठ्या टेबलावर बसवायचे. या सीनमध्ये त्यांनी पहिले हात उचलायचे होते. त्यांचे बघून बाकीच्यांनी.

“कशाला डोक्यात राख घालून घेतेस? हलव हात आणि जा घरी. आज कॉफीची गाडीपण आलीय, नायिकेच्या चाहत्यांनी पाठवलेली. आपल्यालाही मिळणार म्हणे.”

“तुम्ही प्या साहेब. तुम्हाला गोड चालतं.”

मेंग हसले. मग जरा थांबून म्हणाले, “कुठे होतीस आधी? म्हणजे या धंद्याच्या आधी?”

“देजॉनला. एका कंपनीत, हिशेबखात्यात. नवराही तिथेच, विक्रीला.”

मेंगनी शर्टाची बाही उगाच ओढून सरळ केली.

“अठ्ठ्याण्णव? मंदीत?” त्यांनी विचारलं.

“अठ्ठ्याण्णव. एका घरातले दोघं असतील तर एकाने जायचं. एकाने म्हणजे बायकोने. मी म्हटलं, माझं काम नवऱ्यापेक्षा चांगलं आहे, कागद बघा. ते म्हणाले, मग नवऱ्याला बिनपगारी घरी बसवतो. पाकीट मी माझ्या हाताने लिहिलं. अक्षर माझंच चांगलं होतं.”

समोर मेकअपवालीचा ब्रश थांबला. “मान हलवू नका ना,” ती हळूच म्हणाली. युन्सुलने मान पुन्हा सरळ केली.

“शेवटच्या दिवशी गुच्छ दिला. सगळं ऑफिस उभं राहिलं, टाळ्या वाजवल्या. आवाजाच्या हं, चांगल्या कडकडून. आणि तुम्हाला गंमत सांगू? गुच्छ काखेत धरून मीसुद्धा वाजवल्या.” ह्वासुक जराशी हसली. “सगळे वाजवत होते. बरं दिसत नव्हतं ना. आठ वर्षांनी त्यांनी नवऱ्यालाही घरी पाठवलं. तेव्हा मात्र कुणी उभं राहिलं नाही.”

मेंगसाहेब आपल्या टेबलावरच्या खोट्या फाइलीकडे बघत होते. आत सगळे कोरे कागद.

“मी होतो ना चांगवनला, कामगार विभागात,” ते म्हणाले. “यादी माझ्याकडे होती. एकोणीस नावं. गुच्छही मीच मागवायचो.” मग जरा घाईने, “वर्षच तसं होतं, ह्वासुक. माणसं रस्त्यावर आली होती. कुणाला तरी जावंच लागलं असतं.”

“वर्ष तसं होतं, मान्य आहे. पण साहेब, टाळ्या काही वर्षाने वाजवल्या नव्हत्या.”

दिग्दर्शक परत आला. चेहऱ्यावरूनच कळत होतं की पलीकडून कुणी त्याचं ऐकून घेतलेलं नाही. त्याने घड्याळ बघितलं, ह्वासुककडे बघितलं आणि ज्या माणसाने दोन रात्री झोप घेतलेली नाही, त्याच्या आवाजात म्हणाला, “बसू दे तिला. धूसर करा मागचं. हा शेवटचा टेक, यानंतर वेळ नाही. काय होईल ते होईल, पण सीन थांबवायचा नाही. हाम, उद्या ही मला दिसता कामा नये.”

“हो सर.”

“मेंगसाहेब, तुमचे हात वेळेवर हं. पाकीट दिसलं रे दिसलं की लगेच.”

मेंगनी मान डोलावली.

दिवे पुन्हा पेटले. ऑफिस पुन्हा ऑफिस झालं. कुणी तार न जोडलेल्या फोनवर ओठ हलवू लागलं, कुणी कोऱ्या कागदावर सही करू लागलं. दाजंग खुर्चीतून उठली.

“सहा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत,” ती म्हणाली आणि हसली. छान हसायची ती. त्या हसण्यासाठी गाड्या भरून कॉफी यायची. “कामात चुकले तेव्हाही आणि भांडले तेव्हाही.”

तिने पाकीट वर धरलं.

मागच्या मोठ्या टेबलाशी मेंगसाहेब उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात छातीपर्यंत आले. तिथे ते राहिले, एकमेकांपासून वीतभर लांब, जणू कुणी एखाद्या वस्तूची लांबी विचारली होती. मग त्यांनी ते खाली आणले आणि कोटाच्या खिशात घातले.

बावीस जण त्यांच्या हातांची वाट बघत होते.

दाजंगही वाट बघत होती. पाकीट तिने तसंच वर धरलं होतं. हसू हळूहळू ओठांवरून गेलं, आणि ते गेल्यावर तिचा चेहरा एकदम थकलेला दिसला, दिवसभर काम केलेल्या कुठल्याही मुलीसारखा. असिस्टंटने भोंगा तोंडाशी नेला. दिग्दर्शकाने न बघताच त्याचं मनगट धरलं.

दाजंग वळली. पानांवर वळायचं लिहिलेलं नव्हतं. तिने मागच्या टेबलाकडे, तपकिरी कोटाकडे, नीट बघितलं. मग पाकीट दुमडून जॅकेटच्या खिशात सारलं.

“ताई,” ती म्हणाली, “उद्याची नऊची मीटिंग कुठे आहे?”

कॅमेरा चालू होता. मुकादम भिंतीशी उभा राहून दोन्ही हात हलवत होता. उठा, की बसा, की गप्प राहा, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

ह्वासुकने कीबोर्डवरून हात उचलले.

“तिसऱ्या मजल्यावर,” ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा आला, म्हणून तिने घसा साफ केला आणि पुन्हा, नीट, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर. पण पावणेनऊलाच ये हं. तिथला प्रोजेक्टर लवकर चालू होत नाही.”