सतरा नंबरचा शिक्का

संचालक रोदिओन वेनेदिक्तोविचनी हेरिंग मासा संपवला आणि तेलकट बोटं ताइसिया प्रोखोरोव्हनाच्या चाचणीवहीला पुसली. पानं चाळतोय असं दाखवत पुसली. संचालक सुसंस्कृत होते.

उरालमधल्या या धातुसंस्थेत ताइसिया तेवीस वर्षं तपासनीस होती. ज्याच्या नंबरचा शिक्का धातूवर, त्याची मान अडकलेली. तिचा सतरा नंबर खोट्या मालावर कधी उठला नव्हता.

टंगस्टनचा नवा मिश्रधातू थंड असतानाही काटकोनात वाकतो, असं संचालकांनी मॉस्कोला कळवून टाकलं होतं. तो बनवायला नंतर घेतला. तीन हजार अंशांच्या भट्टीत त्याचा दांडा मुकाट उभा राही; थंड असला की खडूसारखा मोडे. मागच्या हिवाळ्यात असाच एक भट्टीत बसवताना तुटला आणि कामगार फेद्याचा डोळा गेला. त्यावर शिक्का दुसऱ्या कुणाचा तरी होता.

"ताइसिया प्रोखोरोव्हना, आज सतरा नंबर उठलाच पाहिजे हं."

"दांडा वाकला तर उठेल."

"तो वाकेल हो! तुम्हीच वाकत नाही."

मेजापलीकडे, चाचणी बघायला मॉस्कोहून आलेल्या समितीचे लोक हसले. अध्यक्ष कर्नल सिचोव काकडीचं लोणचं चघळत होते.

संचालकांनी स्वतः दांडा शिकंज्यात आवळला आणि जोर लावला.

टक्.

अर्धा दांडा शिकंज्यात राहिला, अर्धा उडून कोशिंबिरीत पडला. कर्नलसाहेबांनी तुकडा बाहेर काढला, त्याला लागलेली कोशिंबिरीतली साय नीट चाटली, दुसरा अर्धाही मागवून घेतला आणि दोन्ही तुकडे मेजावर टोकाला टोक लावून काटकोनात ठेवले.

"नव्वद अंश," ते म्हणाले. "वाकला."

"काय झकास वाकला!" संचालक म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं.

ताइसियाने चाटलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"शिक्का कोणत्या तुकड्यावर मारू?"

"दोन्हींवर! एका नमुन्याचे दोन झाले. योजना दुप्पट पुरी!" संचालक म्हणाले.

नियम असा, की शिक्का थंड धातूवर, साक्षीदारांसमोर, हातोड्याने ठोकायचा. ताइसियाने पहिला तुकडा ऐरणीवर ठेवला. पोलादी शिक्का धरला, ठोकला. मग दुसरा ठेवला, ठोकला. नियमाबाहेर काही केलं नाही.

ऐरणीवर चार तुकडे पडले होते.

"चार," संचालक कसंबसं म्हणाले.

कर्नलसाहेबांनी अहवालात दोन खोडून चार केले.

ताइसियाने शिक्का एप्रनला पुसला आणि त्या चार तुकड्यांच्या रांगेत नीट मांडला.

"पाच," ती म्हणाली, आणि आपली तेलकट वही काखेत मारून निघाली.

ती दारापर्यंत पोचायच्या आत तेही लिहून झालं होतं.