सातिवलीहून परतलेला ड्रम

मी एक जुना ड्रम आहे. मित्रांनो, वरातीत वाजतो तो नव्हे, कपडे धुण्याच्या मशीनच्या पोटात फिरतो तो. अंगाने स्टीलचा, भोकाभोकांचा आणि स्वभावाने थोडा गर्विष्ठ.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतं ते वसईतलं रोझलिनबाईंचं घर. वाडीतल्या कपड्यांवरचे केळीच्या चिकाचे डाग माझ्याकडूनही कधी निघाले नाहीत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचे पांढरे कपडे मात्र मी असे काढायचो की शेजारणी विचारायच्या, "कुठला साबण गं?" श्रेय साबणाला मिळायचं. मग मोटार जळली, घरात नवी मशीन आली आणि माझी रवानगी विहिरीमागे झाली. गरज सरो, वैद्य मरो! माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

या हिवाळ्यात रोझलिनबाईंचे थोरले भाऊ आलोशियस आजारातून उठून इथे राहायला आले. आजार गेला होता, पण जेवणावरची वासना उडाली होती. दोन चमचे पेज घेऊन ते ताट सारायचे. डॉक्टर म्हणाले, "खाल्लं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल." रोझलिनबाई धास्तावल्या. "दादा, काय करून देऊ? सांग तरी," त्या रोज विचारायच्या. एके दिवशी ते म्हणाले, "उकडहंडी कर, बाय."

आमच्याकडे थंडीत मडक्यात पापडी, कोनफळ, रताळी भरतात, केळीच्या पानांनी तोंड बंद करतात आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. पण जाळ करायचा कुठे? अंगणात नवे पेव्हर ब्लॉक, आणि वाडीत पेटवावं तर केळी होरपळणार. रोझलिनबाईंच्या यजमानांना, ॲन्सेल्म सरांना, तेव्हा मी आठवलो. स्कूटरवर बांधून त्यांनी मला सातिवलीच्या कारखान्यांच्या भागात वेल्डरकडे नेलं. वेल्डरने आधी माझ्या तोंडाचं प्लॅस्टिकचं कडं काढून टाकलं. "हे जळलं तर धूर विषारी," तो म्हणाला. मग माझ्या पोटातला जाळ जमिनीपासून उंच राहावा म्हणून त्याने मला तीन पाय लावले. मी पुन्हा कामाचा झालो होतो. मला भारी आनंद झाला.

ॲन्सेल्म सर फार टापटिपीचे. राख पडून ब्लॉक काळे होतील म्हणून त्यांनी मला आतून सगळीकडे पत्रा लावला. संध्याकाळी मडकं ठेवलं, करवंट्या पेटवल्या. जाळ होईना, नुसता धूर. आलोशियस खोकत बसून राहिले. शेवटी त्यांनी कोनफळाची एक फोड तोंडात घातली आणि हळूच बाहेर काढली.

"कच्चं आहे, बाय. राहू दे आता," असं म्हणून ते आत गेले. रोझलिनबाई पदराने डोळे पुसत तिथेच बसल्या. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि त्यांना सगळं उमगलं.

"अहो, याची भोकं बुजवलीत तुम्ही! विस्तवाला वारा नको?"

"आणि ब्लॉक?"

"ब्लॉक मी घासेन. माझा भाऊ उपाशी आहे."

सरांनी पत्रा काढून टाकला आणि खाली वाळूचं घमेलं सरकवलं. त्या संध्याकाळी वारा माझ्या आरपार गेला. जाळ असा पेटला की कोंबड्या पळाल्या. मडकं फोडलं तेव्हा पापडीचा वास फाटकापर्यंत पोचला. आलोशियसनी एक रताळं खाल्लं, मग कोनफळ.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. राख गार झाली की काढत जा आणि पावसाळ्यात मला पालथं घाला. जुन्या वस्तूला तेवढं पुरतं. जुन्या माणसाला मात्र जवळ बसून विचारावं लागतं. रोझलिनबाई विचारत राहिल्या, म्हणूनच त्या संध्याकाळी आलोशियसनी रिकामं ताट पुढे केलं आणि म्हणाले, "अजून वाढ गं."