पटावरचा पाणवठा

सोनईपासून अडीच कोसांवर असलेल्या खडकेवाडीच्या महादेवमंदिरात, सभामंडपाच्या फरशीवर, नंदीच्या डाव्या हाताला वाघ-बकरीचा पट कोरलेला होता. पाच आडव्या रेघा, पाच उभ्या, त्यांना छेदणाऱ्या तिरप्या, आणि उत्तरेच्या बाजूस पटाला जोडलेला त्रिकोणी डोंगर. रेघ जिथे रेघेला मिळते ते घर. दोन वाघ आणि वीस बकऱ्या. वाघाने शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी दोन्ही वाघांना हलता येणार नाही असे कोंडले की वाघ हरले. हा पट कोणी कोरला हे कोणास ठाऊक नव्हते. मंदिराची पूजाअर्चा ज्यांच्या घराण्यात होती त्या सहादेव गुरवांच्या आजोबांनाही तो तसाच आयता मिळाला होता.

सहादेव गुरव आणि गावातले शेतकरी गहिनीनाथ हे दोघे या पटावर तीस वर्षे खेळत आले होते. बाजू पहिल्या दिवशी ठरल्या त्या पुन्हा बदलल्या नाहीत. मंदिर गुरवांचे, म्हणून गहिनीनाथ पाहुणे. आणि वाघाची बाजू मानाची, म्हणून ती पाहुण्याची. वाघ म्हणून पूजेतून उतरलेल्या दोन सुपाऱ्या, बकऱ्या म्हणून वीस चिंचोके. मेलेली बकरी नंदीच्या पुढ्यात ठेवायची. खेळताना लबाडी करायची नाही, कारण समोर गाभाऱ्यात देव बसलेला आहे आणि त्याने स्वतः पार्वतीशी द्यूत खेळून सर्व प्रकारच्या लबाड्या पाहून ठेवलेल्या आहेत, असे सहादेवांचे म्हणणे होते.

अठ्ठावीस वर्षे हा खेळ तुल्यबळ चालला. कधी वाघ बकऱ्यांचा फडशा पाडत, कधी कोंडले जात. मग एका श्रावणात सहादेवांना एक रचना सापडली. बकऱ्या एकट्यादुकट्या न मांडता दोन ओळींत, पाठीला पाठ लावून मांडायच्या आणि तशाच एक एक घर पुढे सरकवायच्या. मागचे घर कधीच रिकामे नसल्यामुळे वाघाला उडी मारायला जागाच उरत नसे. त्या दिवसापासून गहिनीनाथांचे वाघ दर खेपेला डोंगरात जाऊन कोंडले जाऊ लागले. पहिले काही महिने सहादेवांना त्याचा आनंद झाला. पुढे आनंद ओसरला, पण रचना काही विसरता येईना.

त्यात दुष्काळाचे दुसरे वर्ष उजाडले. गहिनीनाथांच्या कोरडवाहू रानात दाणा पिकला नव्हता. ते आणि त्यांची बायको छबूबाई पाझर तलावाच्या सरकारी कामावर जात. बाजाराच्या दिवशी, सोमवारी, कामाला सुट्टी असे, आणि त्या दिवशी दुपारी ते नेमाने देवळात येत. येत, हरत, सुपाऱ्या खाली ठेवत आणि जात. बोलणे कमी कमी होत गेले.

शके अठराशे चौऱ्याण्णवचा माघ सरताना, महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारी, सहादेवांकडून एक गोष्ट घडली. मित्राचा उतरलेला चेहरा त्यांना पाहवेना, म्हणून त्यांनी मागच्या ओळीतील एक चिंचोका मुद्दाम बाजूला सारला. वाघासमोर उडीची वाट मोकळी झाली. गहिनीनाथांनी त्या मोकळ्या घराकडे पाहिले, मग सहादेवांकडे पाहिले.

"गुरवा, हे काय?"

"काय म्हंजे? चुकलं."

"दोन वर्सांत चुकला न्हाईस, आज चुकलास व्हय?" गहिनीनाथांनी सुपारी उचललीच नाही. "कामावर सरकारची फुकटची सुकडी वाढत्यात, ती मी रांगंत हुबं राहून घेतो. हितं तरी नगं वाढूस." ते उठले, उपरणे झटकले आणि देवाला हात जोडून निघून गेले.

त्यानंतर चार सोमवार ते आले नाहीत.

सहादेवांचे वय एकसष्ट होते. गावात माणसे पुष्कळ होती, पण दुपारी देवळात येऊन बसणारे गहिनीनाथ एकटेच. पहिल्या सोमवारी त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या सोमवारी पट पुसून चिंचोके मांडले आणि संध्याकाळी परत पिशवीत भरले. तिसऱ्या सोमवारी त्यांच्या पत्नी भागूबाई भाकरी घेऊन देवळात आल्या, तेव्हा सहादेव पटाशेजारी नुसतेच बसलेले होते.

"भावजी आज बी न्हाई आले?"

"न्हाई."

"मग बोलवून आना की. का गुरवाच्या पायाला मेंदी लागलीय?"

"बोलवून आनलं तरी काय? पुन्ना त्येच. तो हरनार, मी जिंकनार. मुद्दाम हरलो तर देवाम्होरं खोटं, अन् त्याला बी कळतंय."

भागूबाईंनी भाकरी सोडून पुढ्यात ठेवली. "तुमाला जिंकायचं न्हाई, त्यांना हरायचं न्हाई, अन् पट तेवढाच. मग पट वाढवा."

"देवळातला पट हाय त्यो. वाढवा म्हनं."

"का? तो डोंगर तरी पहिल्यापास्नं हुता काय?"

भागूबाई हे सहज बोलून गेल्या. पण जेवण झाल्यावर सहादेव पटावर ओणवे झाले आणि त्यांनी बोटाने रेघा चाचपल्या. पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा खोल होत्या, कडेने गोल झिजलेल्या. डोंगराच्या रेघा मात्र उथळ होत्या, त्यांची कड अजून बोटाला लागत होती. दगड कोरणारी टाकी वेगळी होती, हात वेगळा होता. तीस वर्षे ज्या रेघांवर बोटे फिरली त्यांतील हा भेद त्यांना त्या दिवशी कळला. म्हणजे पूर्वी कोणीतरी, अशाच काही अडचणीत, हा डोंगर मागाहून जोडला होता. आणि देवाने त्यावर काही आक्षेप घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहादेवांनी चुना कालवला आणि पटाच्या दक्षिणेला दुसरा डोंगर काढला. वाघाला मागे सरायला एक नवी जागा मिळाली. दोन डोंगर असल्यावर दोन ओळींची ती रचना पुरणार नाही, असा त्यांचा हिशेब. पण नुसत्या हिशेबावर मित्राला बोलवावे, तो यावा आणि पुन्हा हरावा, हे त्यांना चालणार नव्हते. म्हणून रोज पूजा आटोपल्यावर ते एकटेच बसत. उजव्या हाताने वाघ, डाव्या हाताने बकऱ्या. असे त्यांनी तेरा दिवस केले. काही डाव वाघांनी मारले, काही बकऱ्यांनी. समाधान झाल्यावर पाथरवटाकडून एक टाकी मागून आणली, ती नंदीशेजारी ठेवली आणि रविवारी संध्याकाळी ते गहिनीनाथांच्या घरी गेले.

गहिनीनाथ अंगणात बसून पायाला तेल चोळत होते. कडेला त्यांच्या सात बकऱ्या बांधलेल्या होत्या, बरगड्या दिसत असलेल्या.

"नाथा, उद्या ये."

"कशाला?"

"पट वाढवलाय."

गहिनीनाथांचा हात थांबला. "वाढवलाय म्हंजे?"

"दुसरा डोंगर काढलाय. चुन्यानं. तुला पटला तर कोरू."

गहिनीनाथांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "येतो. पर मोकळी वाट ठेवलेली दिसली का उठनार."

"उठ खुशाल."

सोमवारी दुपारी ते आले. पांढरा डोंगर त्यांनी सर्व बाजूंनी न्याहाळला, "ब्येस काढलाय" म्हणाले आणि सुपाऱ्या हाती घेतल्या. पहिल्या दहा-बारा खेळ्या ते खुलून खेळले. तीन चिंचोके नंदीपुढे गेले. सहादेवांना वाटले, जमले. मग वाघ नव्या डोंगरात शिरला, आणि सहादेवांच्या हाताने, त्यांनी काही ठरवण्यापूर्वीच, एक बकरी डोंगराच्या पायथ्याशी आडवी घातली. पुढच्या सहा खेळ्यांत तो वाघ कोंडला गेला. दुसराही फार काळ टिकला नाही.

गहिनीनाथ पटाकडे पाहत राहिले. ते रागावलेले दिसत नव्हते. आणि सहादेवांना त्याचीच अधिक भीती वाटली.

"ती बकरी पायथ्याला घालायची, हे तुला लगीच कसं सुचलं?"

सहादेवांनी नंदीपुढचे चिंचोके सारखे केले.

"किती दिस खेळलास एकल्यानं?"

खोटे बोलण्याची ती जागा नव्हती. "तेरा दिवस."

"तेरा दिस." गहिनीनाथांनी मान हलवली. "म्हंजे घर तू बांधलंस, कुलूप तूच केलंस, किल्ली बी तुझ्याच कमरंला. अन् मला म्हनतोस ऱ्हायला ये."

"तू हरू नयेस म्हनूनच तपासत हुतो, नाथा."

"मी हरायला भेतो असं वाटलं व्हय तुला? अठ्ठावीस वर्सं काय जिंकतच हुतो? हरायचं मला काय न्हाई, गुरवा. पर हितं बसायच्या आदीच तुला शेवट म्हाईत असतो. मंग मी कशाला येऊ? चिंचोके सरकवायला?"

हे बोलून ते उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकू लागले. आता ते गेले तर पुन्हा येणार नाहीत, हे सहादेवांना स्पष्ट कळले. त्यांनी नंदीजवळचा तांब्या उचलला आणि त्यातले पाणी पांढऱ्या डोंगरावर ओतले. ते सांजेच्या अभिषेकाचे पाणी होते. विहिरीच्या तळाशी तासभर बसून वाटीवाटीने भरलेले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी चुना खसाखसा पुसून काढला.

"आरं, पानी," गहिनीनाथ म्हणाले आणि होते तसेच पुन्हा खाली बसले.

पांढुरके पाणी फरशीच्या उताराने वाहत पटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापाशी गेले. तिथे दगडाचा एक टवका पूर्वीच उडालेला होता, ओंजळीएवढा खळगा. पाणी त्यात साचले आणि थांबले. दोघेही त्याकडे पाहत राहिले. दुष्काळाच्या त्या दिवसांत सांडलेल्या पाण्यावरून कोणाचीही नजर लवकर निघत नसे.

थोड्या वेळाने गहिनीनाथ बोलले, पण ते सहादेवांशी बोलत आहेत की स्वतःशी, हे कळत नव्हते. "माज्या सात बकऱ्या हायेत. सकाळी सोडल्या का कळप करून चालत्यात, येकमेकीला चिकटून. तुझ्या चिंचोक्यावानीच. पर टँकर आला अन् पान्याचा वास लागला का येक बी जाग्यावर ऱ्हात न्हाई. सात दिशेला सात." त्यांनी खळग्याकडे बोट केले. "तुझ्या बकऱ्यांना दोन वर्सं तहान लागली न्हाई, गुरवा. म्हनून जिंकत्यात."

सहादेवांनी पटाकडे पाहिले. कोपऱ्याच्या घरापासून खळगा बोटभर अंतरावर होता.

"म्हंजे पानवठा करायचा?"

"करायचा. दर सातव्या खेळीला येक बकरी पान्यावर गेलीच पायजे. येकदा गेलेली पुन्ना धाडायची न्हाई, म्होरल्या खेपंला दुसरी. न्हाई गेली तर येक तहानंनं मेली, ती नंदीला."

सहादेवांच्या मनात त्या दोन ओळी उभ्या राहिल्या आणि सातव्या खेळीला मोडल्या. ओळीतून एक बकरी निघाली की मागे घर मोकळे, आणि मोकळ्या घरासमोर वाघ. यापुढे काय होईल हे त्यांनी डोळे मिटून पाहण्याचा प्रयत्न केला. काही दिसले नाही. तशी स्थिती त्यांना दोन वर्षांत आली नव्हती.

"अन् वाघाला तहान न्हाई?" त्यांनी विचारले.

गहिनीनाथ प्रथमच हसले. "हाय की. त्याला दर धाव्या खेळीला. दोनातल्या कंच्या बी येकानं जायचं. न्हाई गेला तर म्होरल्या खेपंला वाघांनी गप बसायचं."

"पानवठ्याला वाट येकच हाय. आत गेला अन् मी म्होरं बकऱ्या उभ्या केल्या तर?"

"तर कोंडला. भ्या मला बी असू दे."

गहिनीनाथांनी खिशातून कोळशाचा तुकडा काढला. पाझर तलावावर दगडांना खुणा करण्यासाठी तो त्यांच्याजवळ असे. त्यांनी कोपऱ्याच्या घरापासून खळग्यापर्यंत एक रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी आली. सहादेवांना ती सरळ करावीशी वाटली, पण त्यांनी हात आवरला.

खेळ सुरू झाला. सहादेवांनी सवयीने दोन ओळी धरल्या. सातव्या खेळीला कोपऱ्यातील बकरी पाण्यावर गेली, चौदाव्याला दुसरी निघाली आणि वाघाने वाटेतच तिच्यावरून उडी मारली. एकविसाव्या खेळीपर्यंत ओळी उरल्याच नव्हत्या. बकऱ्या पटभर पांगल्या होत्या आणि सहादेव एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून विचार करीत होते. मग गहिनीनाथांचा एक वाघ पाण्यावर उतरला, तेव्हा सहादेवांनी जवळच्या दोन बकऱ्या कोपऱ्याकडे सरकवल्या, आणि गहिनीनाथ "आरं तिच्या" असे पुटपुटून पटावर वाकले. भागूबाई सांजेच्या दिव्यासाठी तेल घेऊन आल्या, तेव्हा दोघांची डोकी एकमेकांना लागण्याच्या बेतात होती.

"पानी कुनी सांडलं?" त्यांनी विचारले.

"मी," सहादेव म्हणाले.

"अभिषेकाचं?"

"व्हय. आज बेलपानावरच भागवू. देवाला सांगितलंय."

"देव काय म्हनला?"

"गप हाय. खेळ बघतोय."

बाहेरून छबूबाईंची हाक आली. टँकर आला होता, रांग लागली होती. गहिनीनाथ उठले, पण वाकूनच उठले, नजर पटावर ठेवून. नंदीपुढे सहा चिंचोके होते. एक वाघ अजून पाणवठ्यात अडकलेला होता. कोण जिंकतो आहे हे दोघांपैकी कोणालाही सांगता आले नसते.

"हलवू नगंस," ते म्हणाले. "उद्या कामावरनं सुटलो का येतो."

"उद्या मंगळवार हाय."

"मंगळवारी देऊळ बंद असतं व्हय?"

"न्हाई."

"मंग."

पायरीवर ते पुन्हा थांबले. "अन् ती टाकी परत दिऊन टाक पाथरवटाला. कोरायची घाई न्हाई. आदी कळू दे, पानवठा खोटा हाय का खरा. अन् रातीत येकट्यानं खेळून बघशील तर याद राख."

"न्हाई बघत," सहादेव म्हणाले. देवासमोर म्हणाले, म्हणजे ते वचनच झाले.

गहिनीनाथ गेल्यावर भागूबाईंनी झाडू घेतला. पटापाशी आल्यावर त्यांनी हात आखडता घेतला, चिंचोक्यांना धक्का न लावता चहूबाजूंनी झाडले, आणि खळग्यातले पाणी तसेच राहू दिले. सहादेवांनी समईत तेल घातले. वात पुढे सारताना त्यांची नजर एकदा पटाकडे वळली. त्यांनी ती गाभाऱ्याकडे फिरवली, आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली.