डाव्या बाजूचा पट्टा

त्या रविवारी सासरेबुवांना मिळण्यासारखं होतं ते एवढंच: जावयाच्या तोंडून एक बरा शब्द. बाकी कशाची ददात नव्हती. घर स्वतःचं होतं, दात स्वतःचे होते आणि बायको अजून गरम वाढत होती. पण गाडीचा कुठला पत्रा बदललाय ते दुरून सांगणाऱ्या, गॅरेजात सगळे ज्याला ‘भिंग’ म्हणत अशा माणसाला जावयानं लग्नापासून ‘काय, बरंय ना?’ एवढ्यावरच ठेवावं, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

जावयानं जुनी गाडी ऑफिसातल्या मित्राला विकायचं ठरवलं. मित्राला ती कोरी हवी होती, दारांवर चिकटवलेले पट्टे नकोत, डिकीवरची अक्षरं नकोत. सासरेबुवांनी आपणहून फोन केला. “बाहेर कशाला देता? मी येतो की.”

आले ते बायकोचा हेअर ड्रायर, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा आणि मऊ फडकी घेऊन. अक्षरं तापवली, मागून दोरा सरकवला आणि करवतीसारखा ओढला. एकेक अक्षर अलगद तळहातावर आलं. खाली गडद खुणा उरल्या, घड्याळ काढल्यावर मनगटावर उरते तशा.

“हे काय?” जावयानं खुर्चीतूनच विचारलं.

“इथं ऊन पोचलं नाही, मूळचा रंग राहिला. घासून जुळवून देतो.”

“बाकी गाडीला एक ओरखडा नाही हं, बाबा. मित्राला तसं छातीठोक सांगितलंय.” आणि त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मुलगी दारात उभी होती. याच गाडीतून ती दर आठवड्याला आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची. आता नवी गाडी यायची होती, आणि तिची दुसरी चावी आपल्याला मिळावी एवढीच तिची इच्छा. जावयाची अट जुनीच होती, कधीतरी जेवताना हसत घातलेली: “ठोकलीस की चावी परत.” तेव्हा सगळे हसले होते. सर्वांत मोठ्यानं सासरेबुवा.

गॅरेजचा एक दंडक असतो. गाडीला हात लावताना जे दिसेल ते मालकासमोर मोठ्यानं बोलून टाकायचं, म्हणजे नंतर कुणी आपल्यावर खापर फोडत नाही. सासरेबुवांनी उभा जन्म हेच केलं होतं. डोळा आणि जीभ यांच्यामध्ये त्यांच्याकडे फाटकच उरलं नव्हतं.

उजव्या बाजूचा पट्टा निघाला. “गडद खूण आहे, ठीक.” डावीकडचं पुढचं दार झालं. “खूण आहे, ठीक.” मग मागच्या दाराचा पट्टा ओढला. “इथं खूण नाही.”

“म्हणजे?” जावयानं मान वर केली.

“बाबा, चहा गार होतोय,” मुलगी घाईनं म्हणाली.

“तुझा चहा काय पळून जातोय, ठमे?” असं म्हणत ते वळले आणि त्यांना तिचा चेहरा दिसला. तिनं मान एवढीशी हलवली. नको.

‘डिंक वेगळा असेल,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते म्हणणारही होते. पण तेवढ्यात जावयानं मोबाइल खिशात टाकला आणि येऊन त्यांच्या शेजारी चक्क उकिडवा बसला.

“कसं ओळखता हो, बाबा? मला दाखवा ना.”

झालं. सासरेबुवांना पंख फुटले. “दाराच्या कडेचं हे रबर बघा, त्यावर रंगाचा फवारा उडालाय. आता डोळा पत्र्याला लावा. पुढचं दार आरशासारखं, आणि हे? संत्र्याच्या सालीसारखं. पत्रा ठोकून नव्यानं रंगवलाय, वर नवा पट्टा. कारागीर बरा, पण घाईत होता. कुणीतरी संध्याकाळच्या आत गाडी परत मागितली असणार. वर्षाच्या आतलंच काम आहे.”

“वा, बा…” जावई थांबला. मग हळूच म्हणाला, “वर्षभरात ही गाडी माझ्याशिवाय कोण चालवतं?”

मुलगी पायरी उतरून आली. “दवाखान्याच्या तळघरातला खांब. आईला घेऊन निघाले होते. तू दौऱ्यावर होतास.”

“मला सांगायचंस.”

“चावी गेली असती.”

“चावीचं काय घेऊन बसलीस? मी जगाला सांगत सुटलोय, एक ओरखडा नाही म्हणून. आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस.”

त्यात तो चुकला असंही म्हणता येत नाही.

“तिथले खांबच मेले चुकीच्या जागी आहेत,” सासरेबुवा म्हणाले. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मला ठाऊक होतं. मी गाडीतच होते की.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुमच्या पोटात कधी काही राहिलंय?” तिनं चादर झटकली. “तिनं खुणावलं असेल ना?”

“हो.”

“तुम्हाला दिसलं?”

सासरेबुवांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. 

जावयाचं काही गेलं नाही. मित्राला खरं सांगितलं, त्यानं तरीही गाडी घेतली. सासरेबुवांना तर मागितलं त्याहून जास्त मिळालं. जुनी गाडी घेणाऱ्या हरेक ओळखीच्याला जावई त्यांच्याकडे पाठवतो, “आमच्या बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही,” म्हणून. नव्या गाडीची दुसरी चावी त्याच्या कपाटात आहे. मागायला कुणी गेलं नाही, द्यायला तोही आला नाही. भरलं ते दोघींनी: बसच्या पायऱ्या आडव्या चढणाऱ्या आईनं, आणि बापासमोर चेहऱ्यावरचे भाव पुसून बसायला शिकलेल्या मुलीनं.